लोखंडावरील सिरॅमिक लेप : बंदुकीच्या भागांच्या संरक्षणाचा एक अभ्यास

गोव्याची किनारपट्टी, सिंधुदुर्ग जिल्हा आणि बेळगाव जिल्ह्यातील खानापूरकडील डोंगराळ पट्टा येथे पावसाळ्याचे चार महिने लोखंडी वस्तू जपणे हे घरोघरचे काम आहे. पणजी येथे वर्षाकाठी सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि या काळात हवेतील सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते. किनाऱ्यालगतच्या गावांत याला खाऱ्या वाऱ्याची जोड मिळते. विळा, कोयता, पहार, पंपाचे सुटे भाग आणि पीकसंरक्षणासाठी परवान्यावर बाळगलेली बंदूक, या सर्वांचा शत्रू एकच. तो म्हणजे गंज.

कोयत्याला गंज चढला तर तो घासून काढता येतो. बंदुकीची गोष्ट निराळी आहे. नळीच्या आत गंजाने खड्डे पडले, की त्या जागी धातूची जाडी कमी होते आणि बार उडतेवेळी निर्माण होणारा दाब सहन करण्याची तिची शक्ती घटते. नळी फुटल्यास तिचा पहिला आघात बंदूक धरणाऱ्याच्या हातावर व चेहऱ्यावर होतो. म्हणून बंदुकीच्या संरक्षणाचा प्रश्न हा केवळ वस्तू टिकवण्याचा नसून माणसाच्या सुरक्षिततेचाही आहे.

अलीकडच्या काळात ‘सिरॅमिक कोटिंग’ या नावाच्या लेपाची माहिती अनेकांच्या कानावर येऊ लागली आहे. अमेरिकेत बंदुका बाळगणारे अनेक हौशी लोक आपल्या घरच्या कार्यशाळेत बंदुकीच्या धातूच्या भागांवर हा लेप देतात. हा लेप म्हणजे नेमके काय, तो कसा देतात, तो कशामुळे टिकतो व कशामुळे सुटतो, आणि भारतातील परवानाधारकाने यातून काय घ्यावे व काय घेऊ नये, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गंज म्हणजे काय

लोखंड, पाणी आणि प्राणवायू हे तीन घटक एकत्र आले की गंज तयार होतो. रसायनशास्त्राच्या भाषेत तो लोखंडाचा जलयुक्त ऑक्साइड होय. पाणी थेंबांच्या रूपात दिसलेच पाहिजे असे नाही. हवेतील आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली की धातूच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ थर जमतो व तेवढ्यानेही गंजण्याची क्रिया सुरू होते. त्या थरात मीठ विरघळलेले असेल तर विद्युतवहन सुलभ होते आणि क्रियेचा वेग वाढतो. समुद्राकाठचे लोखंड घाटावरच्या लोखंडापेक्षा लवकर खराब होते ते यामुळे.

गंजाचा आणखी एक गुणधर्म ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ज्या लोखंडापासून तो बनतो त्यापेक्षा तो अधिक जागा व्यापतो आणि सच्छिद्र व भुसभुशीत असतो. त्यामुळे तो खालच्या धातूचे रक्षण करीत नाही. उलट ओलावा धरून ठेवतो. रंगाच्या थराखाली गंजाचा एक कण राहिला तरी तो फुगतो, रंगाला उचलतो आणि आत पसरत जातो. पुढे सिरॅमिक लेपाच्या बाबतीत जी काळजी सांगितली आहे, तिचे मूळ याच गुणधर्मात आहे.

बंदुकीवर वापरले जाणारे जुने उपाय

सर्वांत जुना उपाय तेलाचा. तेलाचा थर पाणी व हवा यांना धातूपासून दूर ठेवतो. परंतु तो हाताने पुसला जातो, उन्हाने पातळ होतो व धूळ धरतो. म्हणून तो वारंवार द्यावा लागतो.

दुसरा उपाय म्हणजे नळीला निळसर काळा रंग चढवणे. इंग्रजीत याला ‘ब्लूइंग’ म्हणतात. यात लोखंडाच्या पृष्ठभागाचेच काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर केले जाते. हा काळा ऑक्साइड तांबड्या गंजाप्रमाणे भुसभुशीत नसतो. तो धातूला घट्ट धरून राहतो. मात्र हा थर अतिशय पातळ असल्यामुळे एकट्याने पुरेसे संरक्षण देत नाही. त्याचे काम मुख्यतः तेल धरून ठेवण्याचे आहे. निळ्या नळीची बंदूक तेलाशिवाय ठेवली तर एका पावसाळ्यात तिच्यावर तांबूस ठिपके दिसू लागतात.

तिसरा उपाय फॉस्फेटचा. इंग्लंडमध्ये थॉमस कॉस्लेट यांनी १९०६ च्या सुमारास या पद्धतीचे पेटंट घेतले आणि १९१५ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या पार्कर कंपनीने तिचा प्रसार केला. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैनिकी बंदुकांवरील करडा, खरखरीत थर याच पद्धतीचा होता. हा थरही सच्छिद्र असतो व तेल शोषून घेतो. लोखंड व फॉस्फरस यांच्या संयोगाने संरक्षण मिळते याचे प्राचीन उदाहरण आपल्याच देशात आहे. दिल्लीचा सुमारे १,६०० वर्षांपूर्वीचा लोहस्तंभ आजवर टिकला, त्याचे एक महत्त्वाचे कारण त्या लोखंडातील फॉस्फरसचे अधिक प्रमाण व त्यामुळे पृष्ठभागावर तयार झालेला संरक्षक थर हे होय.

या सर्व उपायांत एक समान उणीव आहे. तेल संपले की संरक्षण संपते. तेलावर अवलंबून न राहणारा, पातळ, कठीण आणि घर्षण सोसणारा थर शोधण्याच्या प्रयत्नातून आजचे सिरॅमिक लेप पुढे आले.

‘सिरॅमिक’ या शब्दाचा अर्थ

सिरॅमिक म्हटले की चिनी मातीच्या कपबश्या किंवा तामचिनीची भांडी डोळ्यांसमोर येतात. तामचिनीच्या भांड्यावरील चकचकीत थर हा काचेचा असतो. काचेची भुकटी लोखंडावर लावून ती सुमारे ८०० अंश सेल्सिअस तापमानात वितळवली जाते. बंदुकीच्या बाबतीत हे शक्य नाही. इतक्या उष्णतेत पोलादाला दिलेले पाणी उतरते, कमानी निकामी होतात आणि नळीची मूळची बळकटी बदलते.

बंदुकीवरील सिरॅमिक लेप हा वेगळ्या जातीचा आहे. त्यात एक कृत्रिम राळ असते व तिच्यात अतिशय बारीक सिरॅमिक कण मिसळलेले असतात. राळ धातूला चिकटून राहते व पाण्याला अडवते. सिरॅमिक कण थराला कठीणपणा व झीज सोसण्याची शक्ती देतात. अशा रीतीने हा लेप रंग व सिरॅमिक यांच्या मधला आहे. अमेरिकेत ‘सेराकोट’ या नावाने विकला जाणारा लेप या वर्गातील सर्वांत परिचित होय. त्याचा एक प्रकार भट्टीत पक्का करावा लागतो व दुसरा साध्या हवेत पक्का होतो.

या लेपाची जाडी साधारणतः २५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा भाग असते. माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही ती कमी आहे. एवढ्या पातळ थराकडून मोठे काम अपेक्षित असल्यामुळे तो सर्वत्र अखंड असणे व धातूला पूर्णपणे चिकटलेला असणे अत्यावश्यक ठरते.

लेप देण्याची पद्धत

पद्धतीचे टप्पे क्रमाने पुढीलप्रमाणे आहेत.

पहिला टप्पा, सुटे करणे व तपासणे. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून तिचे भाग सुटे केले जातात. लाकडी दस्ता, कमानी व रबरी भाग बाजूला काढतात. याच वेळी प्रत्येक भाग चांगल्या उजेडात तपासला जातो. नळीवर खोल खड्डे, चीर किंवा फुगवटा आढळल्यास काम तेथेच थांबते. लेप धातूला बळकटी देत नाही. उलट तो चीर झाकून टाकतो आणि सदोष नळी नव्यासारखी दिसू लागते. या लेपाचा सर्वांत मोठा धोका हाच आहे.

दुसरा टप्पा, तेल काढणे. वर्षानुवर्षे दिलेले तेल धातूच्या सूक्ष्म छिद्रांत, सांध्यांत व आट्यांत मुरलेले असते. ते अ‍ॅसिटोनसारख्या द्रावकात भाग बुडवून काढतात. यानंतर त्या भागास उघड्या हाताने स्पर्श करीत नाहीत, कारण बोटांवरील घाम व स्निग्धता एवढीही लेप सुटण्यास पुरेशी होते.

तिसरा टप्पा, पृष्ठभाग खरखरीत करणे. गुळगुळीत धातूवर लेप धरत नाही. म्हणून अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा गार्नेट यांच्या बारीक कणांचा दाबाच्या हवेने पृष्ठभागावर मारा करतात. त्यामुळे जुना रंग व गंज निघतो आणि लेपाला पकड मिळते. सारवण्यापूर्वी जमीन चोपून, उकरून घेतात, त्यातलाच हा प्रकार. नळीचे आतील छिद्र मात्र या वेळी दोन्ही टोकांनी घट्ट बंद केले पाहिजे. तेथे एक कणही जाता कामा नये.

चौथा टप्पा, तापवून पाहणे. साफ केलेले भाग सुमारे १५० अंश सेल्सिअस तापमानात तासभर ठेवतात. छिद्रांत तेल उरले असेल तर ते या उष्णतेत पृष्ठभागावर येते व डागाच्या रूपाने दिसते. डाग दिसल्यास दुसऱ्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागते. पुष्कळ हौशी कारागीर वेळ वाचवण्यासाठी हा टप्पा गाळतात आणि पुढे पक्का करताना तेच तेल लेपाखालून वर येते.

पाचवा टप्पा, मिश्रण. लेपाचे द्रव्य व ते घट्ट करणारा हार्डनर ही दोन वेगवेगळ्या डब्यांत येतात. भट्टीत पक्क्या होणाऱ्या एका प्रचलित प्रकारात साधारणतः १८ भाग द्रव्यास १ भाग हार्डनर, असे प्रमाण असते. म्हणजे ३६ मिलिलिटर द्रव्यास केवळ २ मिलिलिटर हार्डनर. येथे १ मिलिलिटरची चूक झाली तरी हार्डनर निम्म्याने कमी किंवा जास्त होतो. म्हणून अंदाजपंचे माप न घेता मापाची नळी वापरावी लागते आणि मिश्रण गाळून घ्यावे लागते.

सहावा टप्पा, फवारणी. लहान तोंडाच्या स्प्रे गनने पातळ व सलग थर दिला जातो. प्रथम कोपरे, खाचा व आतील कडा आणि नंतर सपाट पृष्ठभाग, असा क्रम असतो. ब्रशने लावल्यास जाडी सारखी राहत नाही.

सातवा टप्पा, पक्का करणे. फवारणीनंतर द्रावक उडून जाण्यासाठी काही मिनिटे थांबून भाग भट्टीत टांगतात. वर उल्लेखिलेल्या प्रकारासाठी १२१ अंश सेल्सिअस, म्हणजे २५० अंश फॅरनहाइट, तापमान दोन तास राखले जाते. एवढ्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरत नाही. हवेत पक्का होणारा प्रकार हाताला लवकर कोरडा लागतो. परंतु तो पूर्णपणे पक्का होण्यास सुमारे पाच दिवस लागतात आणि तोवर भाग जोडू नयेत.

लेप कोठे देत नाहीत

नळीच्या आतील भागास लेप देत नाहीत. काडतूस बसते ती जागा, कमानी, आणि टोपी बसण्याच्या जागेचे बारीक छिद्र हेही भाग सोडले जातात. एकमेकांवर सरकणाऱ्या भागांच्या बाबतीत जाडीचा हिशेब करावा लागतो. दोन्ही पृष्ठभागांवर २५ मायक्रॉनचा थर चढला तर मधली जागा ५० मायक्रॉननी कमी होते. चाप व घोडा यांच्या जोडणीत एवढ्या फरकाने भाग अडखळू शकतो किंवा घोडा खाचेत नीट बसत नाही. घोडा नीट न बसणारी बंदूक हातात असणे म्हणजे अपघाताला निमंत्रण होय.

जुन्या दुनळी बंदुकांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. अनेक दुनळी बंदुकांच्या दोन नळ्यांना जोडणारी पट्टी कथील व शिसे यांच्या डाकाने बसवलेली असते. असा डाक सुमारे १८३ अंश सेल्सिअसपासून वितळू लागतो. घरगुती ओव्हनवरील आकडा आणि आतील खरे तापमान यांत बराच फरक पडू शकतो. १५० अंशांसाठी लावलेला ओव्हन मधूनच ३० अंशांनी वर गेला तर पट्टी सैल होण्याची भीती असते. स्वतंत्र तापमापक आत ठेवल्यावाचून अशी बंदूक तापवणे अयोग्य होय.

आरोग्याची काळजी

ही पद्धत घरात वापरताना आरोग्याचे चार धोके संभवतात. अ‍ॅसिटोनची वाफ अत्यंत ज्वालाग्राही असते. शून्याखालील तापमानातही ती पेट घेऊ शकते. चूल, गॅस, देवापुढील दिवा किंवा विजेचे उघडे बटण जवळ असलेल्या खोलीत तिचा वापर करणे धोक्याचे आहे. दुसरे, काही दोन घटकी लेपांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट वर्गातील द्रव्ये असतात. त्यांची फवारणी श्वासात गेल्यास दम्यासारखा विकार जडतो आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अल्पशा वाफेनेही त्रास होतो. तोंडाला रुमाल बांधल्याने हे थांबत नाही. त्यासाठी योग्य प्रकारचा श्वसनरक्षक मुखवटा लागतो. तिसरे, कणांचा मारा करण्यासाठी नदीची किंवा समुद्राची वाळू वापरू नये. वाळूतील सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग होतो. चौथे, ज्या ओव्हनमध्ये लेप पक्का केला तो पुन्हा स्वयंपाकासाठी वापरता येत नाही. बंदुकीच्या भागांवर शिशाचे अंश असू शकतात आणि लेपातून निघणाऱ्या वाफा ओव्हनच्या भिंतींना चिकटतात.

कायद्याची बाजू

अमेरिकेतील पुस्तिकांत व चित्रफितींत ही कृती सहज घरी करण्याजोगी म्हणून दाखवलेली असते. भारतात परिस्थिती वेगळी आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकांची निर्मिती, विक्री, रूपांतर, दुरुस्ती व चाचणी यांसाठी स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे ती दुरुस्त करण्याचा परवाना नव्हे. नित्याची सफाई व तेल देणे हे धारकाचे कर्तव्यच आहे; मात्र यंत्रणा उकलणे, कणांचा मारा करणे आणि नवा लेप चढवणे हे काम शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या व्यक्तीकडून करून घेणे हाच सुरक्षित मार्ग होय. शंका असल्यास परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी.

कलम ८ याहून अधिक महत्त्वाचे आहे. बंदुकीवर कोरलेले नाव, क्रमांक किंवा अन्य ओळखचिन्ह पुसणे, काढणे अथवा बदलणे यास त्यात मनाई आहे. ज्याच्या ताब्यात असे चिन्ह नसलेली बंदूक सापडेल त्यानेच ते नष्ट केले, असे विरुद्ध सिद्ध होईपर्यंत गृहीत धरले जाते. कणांच्या माऱ्याने जुन्या बंदुकीवरील उथळ अक्षरे झिजू शकतात आणि जाड लेपाने ती भरून जाऊ शकतात. हेतू कितीही निर्दोष असला तरी परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी क्रमांक वाचता आला नाही तर धारकावर संकट ओढवते. म्हणून लेप देण्यापूर्वी क्रमांकाची जागा झाकून घेणे व नंतर क्रमांक परवान्याशी ताडून पाहणे अगत्याचे आहे.

गावातील रंगाऱ्याकडे किंवा वाहने रंगवणाऱ्या गॅरेजमध्ये बंदूक ठेवून येणे हाही अपराध ठरू शकतो, कारण परवाना नसलेल्या माणसाच्या ताब्यात ती जाते. दुरुस्तीसाठी बंदूक दुसऱ्याच्या हाती पाठवावयाची झाल्यास कायद्याने धारकाची उपस्थिती किंवा लेखी अधिकारपत्र आवश्यक मानले आहे. शिक्षकांनी व ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांनी ही बाब गावकऱ्यांस समजावून सांगावी.

पीकसंरक्षणाचा परवाना ही शिकारीची मुभा नव्हे, हेही येथे नमूद करणे उचित ठरेल. वन्य प्राण्यांच्या बाबतीत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू असतो.

परवानाधारकाने घरी काय करावे

सिरॅमिक लेपाने बाहेरील धातूचे उत्तम रक्षण होते हे खरे. परंतु ठासणीच्या बंदुकीचे सर्वाधिक नुकसान आतून होते. काळी दारू जळाल्यावर तिच्या निम्म्याहून अधिक भाराचा घन अवशेष उरतो. त्यात पोटॅशियमचे क्षार असतात व ते हवेतील ओलावा शोषून घेतात. पावसाळी हवेत बार काढलेली नळी एक रात्र तशीच ठेवली तर सकाळी आत तांबूस थर दिसू शकतो. नळीच्या आत लेप देता येत नसल्यामुळे येथे नित्याच्या निगेला पर्याय नाही.

ही निगा साधी आहे. प्रथम नळीत गज घालून तो आत किती जातो हे बाहेरील बाजूस ठेवून पाहावे. त्यावरून नळीत बार भरलेला नाही याची खात्री होते. बार काढल्यावर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने व थोड्या साबणाने धुवावी. हे क्षार पाण्यातच विरघळतात. केवळ तेल लावल्यास ते तेलाखाली तसेच राहतात. गरम पाण्याने नळी तापते व लवकर सुकते. नंतर कोरड्या फडक्याचे बोळे गजाने फिरवून, ते कोरडे निघेपर्यंत पुसावे आणि मग तेलाचा हलका हात द्यावा. टोपी बसते तेथील छिद्र मोकळे असल्याचे पाहावे. वापरण्यापूर्वी नळीतील तेल पुसून काढावे.

पावसाळ्यात बंदूक चामड्याच्या किंवा कापडाच्या खोळीत ठेवू नये, कारण खोळ ओलावा धरते. कोरड्या, हवेशीर व कुलूपबंद जागी नळीचे तोंड खाली करून ठेवल्यास जादा तेल लाकडी दस्त्यात मुरत नाही. आठवड्यातून एकदा ती तेलाच्या फडक्याने पुसावी. घामाच्या हाताने नळीला स्पर्श झाल्यास ती जागा लगेच पुसावी.

निवडणुकीच्या काळात परवानाधारकांना आपल्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, असे अनेकदा घडते. तेथे त्या कित्येक आठवडे राहतात व कोणी त्यांना तेल देत नाही. म्हणून जमा करण्यापूर्वी नळी आतून बाहेरून स्वच्छ करून तेलाचा जाडसर थर द्यावा आणि परत मिळताच प्रथम सफाई करावी.

अवजारांसाठी उपयोग

ज्यांना लेपाची पद्धत स्वतः करून पाहण्याची इच्छा आहे त्यांनी ती शेतीच्या अवजारांवर करावी. तेथे परवान्याचा प्रश्न उद्भवत नाही. बाजारात मिळणारा दोन घटकी इपॉक्सी रंग याच तत्त्वावर चालतो. फाटकाच्या बिजागऱ्या, पंपाची चौकट, नांगराचा दांडा यांवर तेल काढणे, पॉलिश पेपरने घासणे, कोरडे करणे आणि योग्य प्रमाणात मिसळून पातळ थर देणे, एवढे चार टप्पे पाळले तरी टिकाऊपणात मोठा फरक पडतो. धारेवर मात्र लेप व्यर्थ आहे. ती प्रत्येक वेळी घासली जाते. धारेला तेलच योग्य.

शाळेसाठी प्रयोग

लेपाच्या टिकाऊपणाची कारखान्यातील परीक्षा मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्याने होते. बंद पेटीत ३५ अंश सेल्सिअस तापमानात ५ टक्के मिठाच्या पाण्याचे धुके सोडून किती तासांनी गंज दिसतो हे पाहतात. याच तत्त्वावर माध्यमिक शाळेत पुढील प्रयोग करता येईल.

एकाच जातीच्या लोखंडी पट्टीचे पाच सारखे तुकडे घ्यावेत. पहिला तुकडा घासून, तेल काढून तसाच ठेवावा. दुसऱ्याला तेल लावावे. तिसऱ्याला तेलकट असतानाच रंग द्यावा. चौथ्याला घासून, तेल काढून व सुकवून तोच रंग द्यावा. पाचव्याची तयारी चौथ्याप्रमाणेच करावी. मात्र रंग सुकल्यावर खिळ्याने त्यावर फुलीच्या आकाराचा ओरखडा काढावा. एक लिटर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात हे तुकडे रोज काही वेळ बुडवावेत व नंतर हवेत टांगावेत. पंधरा दिवस रोजची नोंद विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी.

तिसऱ्या व चौथ्या तुकड्यांवर रंग एकच असूनही दोहोंत पडणारा फरक विद्यार्थ्यांच्या सहज लक्षात येईल. पाचव्या तुकड्यावर ओरखड्यापासून गंज रंगाखाली किती सरकला हे मोजल्यास लेपाची पकड कळते. रंग कोणता यापेक्षा तो देण्यापूर्वी धातूची तयारी कशी केली याला अधिक महत्त्व आहे, हा पाठ या प्रयोगातून मिळतो.

समारोप

सिरॅमिक लेप हे उपयुक्त तंत्र आहे. खाऱ्या व दमट हवेत बंदुकीच्या बाह्य भागांचे ते दीर्घकाळ रक्षण करू शकते. तथापि त्याचे यश स्वच्छता, अचूक माप व योग्य उष्णता या तीन गोष्टींवर अवलंबून आहे. तो निर्दोष धातूचे रक्षण करतो. सदोष धातूस निर्दोष करीत नाही. ज्या परवानाधारकास हा लेप हवा असेल त्याने बंदूक परवानाधारक दुरुस्तीकाराकडे न्यावी, तिची नळी आधी तपासून घ्यावी व क्रमांक सुरक्षित ठेवण्यास सांगावे. लेप असो वा नसो, बार काढल्यानंतर गरम पाणी, कोरडे फडके आणि तेलाचा हात ही त्रिसूत्री जो पाळील त्याची बंदूक पुढील पावसाळ्यातही विश्वासाने हाती घेता येईल.